फ्रेंच पोरांच्या तोंडून 'वर्क्ड' काढताना

नवऱ्याची नोकरी विमानांच्या इंडस्ट्रीतली, म्हणून आम्ही तुलूझला येऊन पडलो आणि पहिले काही महिने मी नुसती प्रेफेक्चरच्या, म्हणजे परमिटच्या सरकारी कचेरीच्या, चकरा आणि भाजीबाजार एवढंच करत होते. फ्रेंच येत होतं. अकरावीला मार्क पडतात म्हणून घेतलेलं, अर्धं पुणं त्याच कारणासाठी घेतं, पुढे आवडायला लागलं म्हणून अलियाँस फ्राँसेझला जाऊन परीक्षाही दिल्या. तर एक दिवस लिफ्टमध्ये शेजारच्या मादाम म्हणाल्या की तुम्ही भारतातल्या, तुमचं इंग्रजी चांगलं असणार, आमच्या मुलाला जरा बघाल का. मुलगा सिझिएममध्ये, म्हणजे सहावीत, आणि आपल्याही हिशेबाने ती साधारण सहावीच होते, फक्त इथे आकडे खाली उतरत जातात, सहावीनंतर पाचवी मग चौथी मग तिसरी. बुधवारी दुपारी कोलेजला, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेला, सुट्टी असते म्हणून बुधवार ठरला. पैसे सेझूने, म्हणजे घरकामवाल्या किंवा शिकवणीवाल्या माणसाला रीतसर पगार द्यायची सरकारी सोय आहे त्यातून, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांना टॅक्समध्ये परत मिळते, त्यामुळे इथली मध्यमवर्गीय घरंसुद्धा बिनधास्त शिकवणी लावतात.

शाळेत सिझिएमला इंग्रजी आठवड्याला चार तास असतं. पोराचा प्रॉब्लेम काय तर क्रियापदं. आणि तीही इर्रेग्युलर नाहीत, ती सगळ्यांनाच छळतात. याची साधी वर्क, प्ले, वॉच, वॉन्ट असली सरळ क्रियापदं चुकत होती.

त्याची वही बघण्यासारखी होती. इथल्या मुलांच्या वह्यांना एक खास आखणी असते, आठ मिलिमीटरवर मोठ्या रेघा आणि मध्ये तीन बारीक रेघा, अक्षर किती उंच काढायचं तेही ठरलेलं. शाईपेन, चुकलं तर शाई पुसायचं वेगळं पेन, शीर्षकाखाली पट्टी लावून लाल रेघ. आणि प्रत्येक पानावर सहा ओळींचा तक्ता. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. क्रियापदाचं मूळ निळ्यात आणि प्रत्यय लाल शाईत. फ्रेंच मुलं लहानपणापासून हेच करत आलेली असतात, क्रियापदांचा पहिला ग्रुप, दुसरा ग्रुप, तिसरा ग्रुप, मग वर्तमान, अँपार्फे, भविष्य, पासे सँप्ल, पासे कोंपोझे, प्रत्येकाचे सहा-सहा. मी पहिल्या दिवशी 'वर्क' काढलं तर त्याने पट्टी घेतली, सहा ओळी आखल्या आणि विचारलं, हे कुठल्या ग्रुपचं?

म्हटलं, ग्रुप नाहीत. म्हणाला, मग प्रत्यय कुठले? म्हटलं, एकच, तिसऱ्या ओळीत एस, बाकी काही नाही. आणि भूतकाळात सहाही ओळींना ई-डी. त्याने माझ्याकडे असं बघितलं की बाईंना येत नाहीये बहुतेक.

आता एवढं सोपं असेल तर पोरं का चुकतात, हा खरा मुद्दा. मला ते त्याच्या चुका एका कागदावर मांडल्यावर कळलं. तो लिहायचा 'यू वर्क्स', लिहायचा 'दे वर्क्स' आणि लिहायचा 'ही वर्क'. म्हणजे जिथे नको तिथे दोनदा एस आणि जिथे हवा तिथेच नाही. वरवर बघितलं तर पोरगं ढ. पण फ्रेंचमधला, 'बोलणे'चा, तक्ता शेजारी ठेवा. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. फ्रेंचमध्ये इथे एकवचनात एस लागतो तो 'त्यु'ला, म्हणजे 'तू'ला, म्हणून 'यू वर्क्स'. 'इल'ला, म्हणजे 'तो'ला, एस नसतो, म्हणून 'ही वर्क'. आणि अनेकवचन म्हटलं की नामांना एस लावायची सवय, म्हणून 'दे वर्क्स'. तिन्ही चुका एकदम लॉजिकल. पुढे दुसऱ्या एका मुलीने तर 'दे वर्क'च्या शेपटाला फ्रेंचचं ई-एन-टी जोडून आणलं होतं, मला हसावं का शाबासकी द्यावी कळेना.

आणि अजून एक गोष्ट वरच्या ओळीत दिसतेय बघा, देवनागरीत लिहिलं म्हणून पटकन दिसते, फ्रेंच स्पेलिंगमध्ये दिसत नाही. झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, आणि शेवटचं इल पार्ल, चारही एकसारखे ऐकू येतात. कागदावर एकाला ई, एकाला ई-एस, परत ई, आणि एकाला ई-एन-टी. तोंडात फरक शून्य. म्हणजे फ्रेंच पोराचं प्रत्ययाशी जे नातं आहे ते फक्त हाताचं आहे. प्रत्यय ही लिहायची गोष्ट, बोलायची नाही. शाळेत दिक्ते असते, म्हणजे ऐकून लिहायचं शुद्धलेखन, त्यात अख्खी परीक्षा याचीच की जे ऐकू येत नाही ते तू बरोबर लिहितोस का. या देशाला त्याचं एवढं वेड की १९८५ पासून बेर्नार पिव्हो यांच्या शुद्धलेखनाच्या स्पर्धा टीव्हीवर लागायच्या आणि मोठी माणसं घरी वही-पेन घेऊन बसायची.

मग हेच पोर इंग्रजीच्या वहीत लाल शाईने 'ही वर्क्स' लिहितं, सुंदर लिहितं, आणि वाचताना 'ही वर्क'. त्याच्या लेखी तो एस वाचायचाच नसतो. आणि जे तोंडून कधी निघालंच नाही ते महिनाभराने हातूनही निसटतं, कारण कानाकडून आठवण करून द्यायला कोणी नाही.

म्हणून मी तक्ता बंद केला. पट्टी दप्तरात. त्याच्या आईला हे अजिबात आवडलं नाही, बुधवारी घरी गेलं की वहीत काहीच नसायचं, पैसे कशाचे देतोय असं चेहऱ्यावर. मी म्हटलं थोडे दिवस द्या.

पहिलं काम एस ऐकू आणायचं. यात मला चक्क आपली वर्णमाला कामाला आली. आपल्याला शाळेत क ख एका बाजूला आणि ग घ दुसऱ्या बाजूला, अघोष आणि घोष, हे घोकवलेलं असतं, तेव्हा कशाला ते कोणी सांगत नाही. इंग्रजीतला हा प्रत्यय तसाच चालतो. वर्क, स्टॉप, यांचा शेवट अघोष, तर एस खराखुरा स. प्ले, लिव्ह, रीड, यांचा शेवट घोष, तर तो ज्झ होतो, आपण 'जहाज'मधला ज म्हणतो तसा. आणि वॉच, वॉश, मिस असलं काही असलं की मध्ये एक इ घालून वॉचिझ. पोराला अघोष वगैरे काही सांगितलं नाही, बोट गळ्यावर ठेव आणि स्स्स म्हण, मग ज्झ्झ म्हण, एकात गळा थरथरतो एकात नाही. एवढ्यावर अर्धा तास मजेत गेला, त्याची धाकटी बहीणपण येऊन गळ्यावर बोट ठेवून बसली.

पण खरी झोंबाझोंबी ई-डीशी.

फ्रेंचमध्ये 'मी काम केलं' म्हणजे झे त्राव्हाये. हा शेवटचा 'ए' त्यांच्या कानात भूतकाळाचा आवाज म्हणून बसलेला असतो, पार्ले, मांझे, दांसे, सगळं ए. आणि इंग्रजीत समोर काय दिसतं, तर ई आणि पुढे डी. मग ते म्हणतात वर्क-एद. स्टॉप-एद. लुक-एद. आणि फ्रेंचमध्ये जोर शब्दाच्या शेवटावर पडतो, त्यामुळे तो एद तर असा ठासून येतो की मूळ क्रियापदच ऐकू येत नाही. फक्त पोरं नाहीत, मोठी माणसंही. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी माझ्याकडे यायचा, त्याला डिग्रीसाठी टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी ७८५ हवे होते, तो कागदावर एकही ई-डी चुकवायचा नाही आणि तोंडाने सरसकट वर्क-एद. त्या परीक्षेत ऐकणं आणि वाचणं एवढंच, बोलायचं नसतं, त्यामुळे त्याला काही फरक पडत नव्हता, सात-आठशेच्या घरात आरामात.

मी यावर जे केलं ते अगदी साधं, टाळ्या. 'वर्क' म्हण, किती टाळ्या? एक. 'वर्क्ड'? तो दोन वाजवायचा. मी हात धरायचे. एकच. प्ले एक, प्लेड एक. फिनिश दोन, फिनिश्ड दोन. टाळी वाढता कामा नये. फक्त एका ठिकाणी वाढते, क्रियापदाच्या शेवटी आधीच ट किंवा ड चा आवाज असेल तर. वॉन्ट एक, वॉन्टेड दोन. स्टार्ट, स्टार्टेड. नीड, नीडेड. डिसाइड, डिसाइडेड. कारण ट वर परत ट किंवा ड कसा म्हणणार, मध्ये स्वर घ्यावाच लागतो. हे कारण सांगितलं की पोरांना पटतं, नियम म्हणून सांगितलं की विसरतात. मी आजही कोणाला एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच टाळ्यांची सांगते.

मग पुढची पायरी, एका टाळीत ते सगळं बसवायचं कसं. लुक्ड म्हणजे खरं तर लुक्ट, स्टॉप्ड म्हणजे स्टॉप्ट, क अघोष तर पुढचाही अघोष. (आपण भारतात सरसकट लुक्ड, स्टॉप्ड, वर्क्ड असं ड लावूनच म्हणतो, लिहितोही तसंच, या लेखातही मी तसंच लिहितेय, आणि आपलं बिघडत काही नाही. पण शिकवायला बसल्यावर मला माझाच आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकावा लागला.) पोरं म्हणायची असं कसं म्हणता येईल, दोन व्यंजनं शेवटी, आमच्यात नसतं. म्हटलं नसतं कसं, 'दिरेक्त' म्हणता की नाही? 'कोरेक्त'? मग ते 'लुक्त' आहे. 'स्क्रिप्त', 'कोंसेप्त' म्हणता ना, मग 'स्टॉप्त'. 'लीस्त', 'तेस्त' म्हणता, मग 'मिस्त', 'पास्त'. जीभ सगळं करतेच आहे, फक्त ई-डी डोळ्याला दिसला की घाबरते. तेव्हा काही दिवस मी त्यांना ई-डी दाखवलाच नाही. नुसतं ऐकायचं, म्हणायचं, आणि मग शेवटी लिहिलेलं दाखवायचं, तर एकजण म्हणाला, हे एवढं लिहितात आणि एवढंच म्हणतात? म्हटलं, फ्रेंच माणसाने हा प्रश्न विचारू नये.

यापेक्षाही भारी उपाय फ्रेंचमध्येच निघाला. त्यांच्याकडे लिएझों असते, म्हणजे शब्दाचं शेवटचं अक्षर एरवी मुकं, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ते जागं होतं आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतं. 'प्ती' म्हणजे छोटा, पण 'आमी'च्या आधी आलं की 'प्तितामी', आणि त्याचा अर्थ बॉयफ्रेंड होत असल्यामुळे हे उदाहरण दिलं की वर्गात खिदळणं ठरलेलं. तर मी म्हटलं, इंग्रजी ई-डीची लिएझों करा. 'वर्क्ड इन' नका म्हणू, 'वर्क-टिन' म्हणा. 'लुक्ड अ‍ॅट', लुक-टॅट. 'फिनिश्ड इट', फिनिश-टिट. 'प्लेड ऑन', प्ले-डॉन. एस पण तसाच, 'ही वर्क्स इन पॅरिस', वर्क-सिन. आणि काय सांगू, जे अख्ख्या महिन्यात होत नव्हतं ते झालं, कारण हा रियाज त्यांचा आयुष्यभराचा आहे. आता मी कुठलंही नवीन क्रियापद सुटं देत नाही. पुढे स्वर असलेला एखादा छोटा शब्द जोडूनच देते.

संध्याकाळी मी मोठ्यांचेही क्लास घ्यायला लागले होते, वस्तीतल्या एका संस्थेत, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कॉफीचं मशीन. तिथे एक विमानांचे मेकॅनिक यायचे, पन्नाशीचे, एका छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे कामाला. त्यांना इंग्रजी मॅन्युअल्स घडाघडा वाचता यायची. मला नवल वाटलं, पण त्याचं कारण त्यांनीच दाखवलं. विमानाच्या मेंटेनन्सची कागदपत्रं एका मुद्दाम बांधून दिलेल्या इंग्रजीत लिहितात, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, एएसडी-एसटीई १०० नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात शब्द ठरलेले, एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि क्रियापदाची रूपंही मोजकीच चालतात, आज्ञार्थ, साधा वर्तमान, साधा भूत, भविष्य, बस. 'हॅव' लावून केलेले काळ नाहीत, इंग लावून क्रियापद नाही. रिमूव्ह द पॅनल, इन्स्टॉल द पॅनल. म्हणजे जगभरच्या इंग्रजी न येणाऱ्या मेकॅनिक लोकांनी गोंधळू नये म्हणून भाषेचेच नटबोल्ट काढून ठेवलेत. मला हे इतकं आवडलं की पोरांना शिकवायचा क्रमही मी पुढे त्यावरूनच लावला, आधी एवढीच रूपं पक्की, बाकीचं नंतर.

पण त्यांचा प्रॉब्लेम बोलण्यात होता. शिफ्ट बदलताना कधी कधी परदेशी टीमला फोनवर सांगायचं असतं काय झालं काय राहिलं. ते म्हणायचे 'वी रिमूव्ह द पॅनल, वी रिप्लेस द सील'. आता याचा अर्थ काढलं, की काढतो, की काढणार? पोराचा एस गेला तर वहीत लाल गोल येतो, इथे पॅनल निघालंय की नाही हाच प्रश्न. त्यांना वर्क-एदवाला त्रास नव्हता, उलटा होता, ते प्रत्यय गिळूनच टाकायचे, फ्रेंच पद्धतीने, लिहिलं आहे ना मग झालं. आणि 'रिमूव्ह्ड द' मध्ये तो ड पुढच्या 'द'मध्ये विरघळतोच, खुद्द इंग्रजांचाही विरघळतो. तर आम्ही त्यांच्यासाठी वाक्यंच बदलली. 'द पॅनल? वी रिमूव्ह्ड इट.' रिमूव्ह-डिट. 'द सील? वी रिप्लेस्ड इट.' रिप्लेस-टिट. 'वी इन्स्टॉल्ड इट यस्टरडे', इन्स्टॉल-डिट. वस्तूचं नाव आधी, मग क्रियापद, मग इट. व्याकरणाच्या पुस्तकात असा धडा नसेल, पण फोनवर समोरच्याला ड ऐकू जातो ना, विषय संपला.

स्पेलिंगचं फार काही नाही. स्टडीचं स्टडीड होताना वाय जाऊन आय येतो आणि प्लेमध्ये वाय तसाच राहतो, हे त्यांना नवीन नाही, पेये म्हणजे पैसे देणे, त्यात वाय असतो आणि 'झ पे' लिहिताना त्याचा आय करतात. स्टॉपचा पी डबल होतो तर आप्ले या क्रियापदात त्यांचाही एल डबल होतो, झापेल लिहिताना. मी फक्त एवढंच म्हणायचे की बघ, तुझ्या ओळखीचंच आहे. व्हिझिटचा टी डबल का होत नाही आणि प्रिफरचा आर का होतो, हे मात्र जोर कुठल्या तुकड्यावर पडतो त्यावर असतं, आणि फ्रेंच कानाला तो जोरच ऐकू येत नाही, तर ते पाठच करा म्हटलं. ट्रॅव्हलच्या बाबतीत ब्रिटिश दोन एल लिहितात आणि अमेरिकन एक, त्यामुळे तिथे काहीही लिहा.

प्रश्न आणि नकार यात पुन्हा वेळ गेला. इथे फ्रेंचमध्ये एक मस्त सोय आहे, एस्क. कुठल्याही वाक्याच्या आधी एस्क लावा, प्रश्न तयार. एस्क त्यु त्राव्हाय, तू काम करतोस का. आपलं 'का' शेवटी, त्यांचं एस्क सुरुवातीला. मी सांगितलं डू म्हणजे एस्क समजा, आणि दोन दिवस सगळे खूश. मग 'डज' आला. एस्क कधी बदलत नाही, हा डू मात्र बदलतो. आणि मग वाक्यं यायला लागली, 'डज शी वर्क्स', 'डिड यू वर्क्ड'. याचंही मूळ त्यांच्याकडेच आहे. त्यांच्या भूतकाळात सहाय्यक क्रियापदही रूप बदलतं आणि मुख्य क्रियापदावरही खूण असते, दोघंही नटून येतात, तर इंग्रजीत एकानेच नटायचं हे त्यांना उघडंबोडकं वाटतं. मी टेबलावर एक चिठ्ठी ठेवायचे, त्यावर एस. एकच चिठ्ठी. 'शी वर्क्स' म्हटलं तर ती वर्कजवळ. प्रश्न विचारायचा तर चिठ्ठी उचलून डूजवळ न्यायची, आता वर्ककडे काही उरलं का? नाही. ई-डीची दुसरी चिठ्ठी, डिडने नेली की नेली. नकारालाही तेच, डझंट वर्क, डिडंट वर्क. आधी 'आय वर्क नॉट' यायचं, कारण फ्रेंच लोक बोलताना 'न' खाऊन टाकतात आणि क्रियापदानंतरचा 'पा' तेवढा ठेवतात, पण चिठ्ठ्या आल्यावर तेही बरंच कमी झालं. या चिठ्ठ्यांवर चॉकलेटचे डाग आहेत, कारण चार वाजले की गुते, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, आणि त्यात शोकोलातीन ठरलेलं. पॅरिसवाले त्याला पँ ओ शोकोला म्हणतात, तुलूझमध्ये ते नाव घ्यायचं नाही.

भूतकाळात अजून एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. झे त्राव्हाये इयेर. शब्दाला शब्द लावला तर 'आय हॅव वर्क्ड यस्टरडे'. आणि तसंच म्हणतात सगळे, अगदी चांगलं इंग्रजी येणारेसुद्धा. फ्रेंचमध्ये पूर्वी एका शब्दाचा साधा भूतकाळ होता, पासे सँप्ल, पण तो बोलण्यातून कधीच गेला, आता फक्त गोष्टीच्या पुस्तकांत भेटतो. बोलताना घडून गेलेलं बहुतेक सगळं 'हॅव' लावूनच. त्यामुळे नुसतं 'आय वर्क्ड' म्हणायचं त्यांना पुस्तकी वाटतं. मी नियम एवढाच ठेवला की यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ असला घड्याळ-कॅलेंडरचा शब्द आला की हॅवला बाहेर काढा. एकदा शेजारच्या मादाम हे ऐकत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं तुमच्या भाषेत कसं. मी सांगितलं, आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, खाणारी मीच, पण क्रियापद बदलतं खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. मला वाटलं चक्रावतील. तर म्हणाल्या, आमच्यातही आहे की, वस्तू आधी आली तर, 'ला पोम क झे मांझे', त्या मांझेला एक ई जादा लागतो सफरचंद स्त्रीलिंगी म्हणून. आणि अर्थातच तो ई ऐकू येत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून पोराला सांगितलं की इंग्रजीत हे काहीही नाही, बाई पोचली काय, सफरचंदं पोचली काय, ई-डी तोच. त्या दिवशी त्याला इंग्रजी पहिल्यांदा आवडलं असावं.

एक गोष्ट मी पोरांना हमखास सांगते कारण त्यांची कॉलर ताठ होते. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जला जिंकला आणि पुढे शेकडो वर्षं इंग्लंडच्या वरच्या वर्गात फ्रेंच चाललं, त्यातून ढीगभर क्रियापदं इंग्रजीत गेली. आणि ती जवळजवळ सगळी रेग्युलर आहेत. अराइव्ह, एंटर, चेंज, डान्स, रिफ्यूज, सगळ्यांना ई-डी. शिवाय तुमचा दुसरा ग्रुप, नू फिनिसों, नू प्युनिसों, यातला जो मधला इस आहे तोच फिनिश, पनिश, नरिश, अबॉलिश, डिमॉलिश यांच्या शेपटात इश होऊन बसलाय. म्हणजे समोरचं क्रियापद फ्रेंचसारखं दिसलं तर डोळे मिटून ई-डी लावा, बहुतेक वेळा बरोबरच येईल. कॅच हे एक नाठाळ, नॉर्मन लोकांकडूनच आलं आणि त्याचं कॉट झालं. आता उलटी वाहतूक चालू आहे, पोरं लाइके, पोस्ते, गुग्ले म्हणतात, आणि नवीन आलेलं प्रत्येक क्रियापद निमूट पहिल्या ग्रुपात जातं, आपण लाइक करणे, पोस्ट करणे म्हणतो तसं. 'तू लाइक करतोस'ला एस लावतात आणि अर्थात म्हणत नाहीत.

इंगवाल्या रूपांत मला मराठीचा फायदा झाला. मी काम करते आणि मी काम करतेय, हा फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. फ्रेंचमध्ये दोन्हीला झ त्राव्हाय, अगदीच ठासून सांगायचं असेल तर एक लांबलचक वाक्प्रचार आहे, तो रोज कोण वापरतो. म्हणून फोन उचलून 'सॉरी, आय वर्क' म्हणतात. आपली मंडळी बरोबर उलटी, 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग' म्हणतात. दोघांच्या मध्ये कुठेतरी इंग्रज राहतो.

राहिलं ते दप्वी, म्हणजे 'पासून'. झाबीत इसी दप्वी सँक आं. मी इथे पाच वर्षं राहतेय. बघा, इथे फ्रेंच आणि मराठी अगदी हातात हात घालून, दोघांचाही वर्तमानकाळ, आणि इंग्रजीला मात्र तिथे 'हॅव लिव्ह्ड' लागतं, जे हॅव मी महिनाभर खपून पोरांच्या तोंडून बाहेर काढलं होतं तेच आता परत आत आणायचं. मेकॅनिककाकांना म्हटलं तुमच्या मॅन्युअलमध्ये हे चालतच नाही, तुम्ही सुटलात. शेजारच्या पोराला मात्र सुटका नाही, शाळेत पुढे येणारच आहे. ते मी तूसँच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या, सुट्टीनंतर घेणार आहे. सध्या त्याला बाईंनी इर्रेग्युलर क्रियापदांची यादी दिलीये, तीन रकाने, पट्टीने आखलेली, कॅच आणि कॉट लाल शाईत, आणि शुक्रवारी टेस्ट आहे.